लेक डिस्ट्रिक्टमधील साहसशिक्षण केंद्रात सहा महिने स्वयंसेवक म्हणून जावे का?

कातळवाट :
नमस्कार. मी 25 वर्षांची असून पुण्यात राहते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत 28 दिवसांचा मूलभूत अभ्यासक्रम केला आहे आणि गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी मुळशी परिसरातील शालेय शिबिरांत मुलांना बिले देणे (म्हणजे चढणाऱ्याचा सुरक्षा दोर खालून सांभाळणे), रॅपलिंगचे, म्हणजे दोराने कडा उतरण्याचे, अँकर लावण्यास मदत करणे अशी कामे करते. वायव्य इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टमध्ये, केसिक गावाजवळ असलेल्या एका साहसशिक्षण केंद्राने मला एप्रिल ते सप्टेंबर या काळासाठी स्वयंसेवक म्हणून बोलावले आहे. राहण्याजेवण्याची सोय केंद्र करणार आहे, मानधन नाही आणि विमानभाडे माझे मला भरायचे आहे. त्यांच्या पत्रात ‘व्हिजिटर व्हिसावर या’ असे लिहिले आहे. हे मला खटकते. दुसरे म्हणजे बाबा विचारतात, की सह्याद्री दाराशी असताना विनामोबदला काम करायला इतक्या दूर कशासाठी जायचे? या प्रश्नाला माझ्याकडे अजून प्रामाणिक उत्तर नाही. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तरकिनारा :
मी मँचेस्टरजवळ राहतो. आपल्याला जे खटकले, ते योग्यच खटकले आहे. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा करता येते, परंतु ती एकूण 30 दिवसांपेक्षा जास्त नसावी आणि संस्था तेथील नोंदणीकृत धर्मादाय संस्था असावी, अशी अट आहे. त्या व्हिसावर सहा महिने राहता येते म्हणून सहा महिने काम करता येईल, असा अर्थ अनेकजण लावतात आणि तिथेच फसतात. पगार नसला तरी हा नियमभंगच ठरतो आणि त्याची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात आपल्याला भोवते; केंद्राचे काही बिघडत नाही.

सहा महिन्यांसाठी योग्य मार्ग चॅरिटी वर्कर व्हिसाचा आहे. त्यासाठी संस्थेकडे प्रायोजक म्हणून परवाना असावा लागतो आणि तिने आपल्या नावाने प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. परवानाधारक प्रायोजकांची यादी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. आज रात्रीच त्यात केंद्राचे नाव शोधावे. प्रायोजकाने खर्चाची हमी दिली नसेल, तर 1,270 पौंड सलग 28 दिवस आपल्या खात्यात दाखवावे लागतात. भारतातून केलेला अर्ज सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचा असेल, तर आरोग्य अधिभार (तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठीचे शुल्क) लागत नाही. मुदत त्यापुढे गेली, की अधिभार आणि क्षयरोग तपासणी दोन्ही आले. म्हणून तारखा ठरवताना आठवडाभराचाही हिशेब नीट करावा.

आपण पदवीधर असाल, तर इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीमचाही विचार करावा. 18 ते 30 वयाच्या भारतीय पदवीधरांना सोडतीतून निवडून दोन वर्षे राहण्याची आणि पगारी काम करण्याची मुभा तिच्यात मिळते. सोडतीत नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

धुक्यातली_पायवाट :
मी त्याच परिसरातील दुसऱ्या एका केंद्रात एक हंगाम काढला आहे, त्यामुळे बाबांच्या प्रश्नाबद्दल लिहिते.

आधी कामाचे खरे स्वरूप सांगते. पहिले तीन आठवडे मी कातळाला हात लावला नाही. सकाळी न्याहारीची भांडी, मग सामानाची खोली, दुपारी एखाद्या गटासोबत शेवटून चालणे, संध्याकाळी ओले वेटसूट उलटे करून धुणे आणि वाळवणीच्या खोलीत टांगणे. बॉरोडेल खोऱ्यातील सीथवेट ही इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाच्या वस्त्यांपैकी एक आहे. तिथला पाऊस महाबळेश्वरसारखा कोसळत नाही, तो बारीक पडत राहतो आणि बूट कधी पूर्ण वाळत नाहीत. मे महिन्यातही डरवेंटवॉटर तलावात पाऊल टाकले, की श्वास अडकतो. थंड पाण्याच्या त्या पहिल्या धक्क्याचाच सर्वांत मोठा धोका असतो, आणि तो आपल्याकडच्या प्रशिक्षणात सहसा शिकवला जात नाही.

पण त्या सामानाच्या खोलीतच मी सर्वांत जास्त शिकले. प्रत्येक हार्नेसवर (चढताना कंबरेला बांधायच्या पट्ट्यांवर) क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची स्वतंत्र नोंद. बिले लूपची, म्हणजे हार्नेसच्या पुढच्या शिवलेल्या कडीची, शिवण बोटाने चाचपायची, बकल उजेडात धरून पाहायचे, तारीख घालून सही करायची. शंका आली, की ते हार्नेस बाजूला. तिथे वाद नाही. या शिस्तीला एक दुःखद इतिहास आहे. 22 मार्च 1993 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे येथे कयाक सहलीत प्लिमथची चार शाळकरी मुले बुडून मरण पावली. त्यानंतर 1995 मध्ये कायदा झाला आणि 18 वर्षांखालील मुलांना पैसे घेऊन गिरिभ्रमण, प्रस्तरारोहण, जलक्रीडा किंवा गुहाभ्रमण करवणाऱ्यांना परवाना बंधनकारक झाला. आपल्या केंद्राला तो परवाना आहे का, हे अवश्य विचारा.

दुसरी गोष्ट मुलांशी वागण्याची. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कातळाच्या पायथ्याशी उभी होती. प्रशिक्षकाने तिला चढण्याआधी विचारले, “तुला कुठपर्यंत जायचं आहे?” तिने साधारण चार मीटरवर, फटीत उगवलेल्या एका नेच्याकडे बोट दाखवले. ती तिथे पोहोचली, तिने नेच्याला हात लावला आणि ती थांबली. मी आपल्या शिबिरांच्या सवयीने “अजून थोडं, जमेल तुला!” असे ओरडू लागले, तेव्हा प्रशिक्षकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला गप्प केले. ती खाली आली. नंतर सगळी मुले गोलात बसली, तेव्हा ती म्हणाली, की ठरवलेले आपण पूर्ण केले. दुपारी ती स्वतःहून पुन्हा दोराशी आली आणि तिने नेच्याच्या वरची जागा दाखवली. चढाई करवून झाल्यावर मुलांना बोलते करण्यात ते लोक जेवढा वेळ देतात, तेवढा मी सह्याद्रीतल्या एकाही शिबिरात दिलेला नव्हता. परतल्यावर मी माझ्या गटात हीच पद्धत सुरू केली, आणि बाबांना द्यायचे उत्तर माझ्या मते हेच आहे.

जुना_दोर :
मी पंचवीस वर्षे मुलांची शिबिरे घेतो. वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. केंद्राकडून कामाचे तास, आठवड्याची सुट्टी आणि प्रशिक्षणाचे दिवस लेखी मागा. तिथे माउंटन लीडर (डोंगरात गट नेणारा पात्र मार्गदर्शक) होण्यासाठी प्रशिक्षणापूर्वी 20 आणि परीक्षेपूर्वी 40 दर्जेदार डोंगरदिवस नोंदवहीत असावे लागतात. सुट्टीच्या दिवशी डोंगरात गेलात, तर त्यांतले बरेच तिथेच जमतील. भारतातून पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. मुलांसोबत काम करायचे असल्याने ते मागितले जाईल, आणि ज्या केंद्राने ते मागितलेच नाही, तिथे जाण्यापूर्वी मी दोनदा विचार करीन.

कातळवाट :
सर्वांचे मनापासून आभार. प्रायोजकांच्या यादीत केंद्राचे नाव सापडले नाही; मात्र ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे आणि तिच्याकडे साहसी उपक्रमांचा परवानाही आहे. मी त्यांना आज कळवले, की सहा महिन्यांऐवजी मे महिन्यातील चार आठवडे येईन, आणि तासांचे लेखी वेळापत्रकही मागितले आहे. सोडतीत नावही नोंदवणार आहे. नेच्यापर्यंत चढलेल्या मुलीबद्दलचा परिच्छेद बाबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने त्यांनी विचारले, की तिथे पावसात घालायचे बूट इथूनच घ्यावेत का. त्याबद्दल कोणी सांगू शकेल का?

धुक्यातली_पायवाट :
चालण्याचे बूट इथूनच घ्या आणि जाण्यापूर्वी दोन-तीन ट्रेक करून ते पायाला बसवा. रेनकोट मात्र तिथे पोहोचल्यावर केंद्राकडेच मागा. बहुतेक केंद्रे स्वयंसेवकांना आपल्या साठ्यातून देतात. लोकरी मोजे चार जोड न्या, कारण एक जोड कायम वाळवणीच्या खोलीत असेल.