‘फेरफार’ की ‘खूण’?

(तिघांची चर्चा; नावाऐवजी प्रत्येकाचं गाव)

खानापूर: पीयूसीच्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) मुलांसाठी टिपण करतेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता विज्ञान सगळं इंग्रजीत. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या प्रथिनांवर ॲसिटिल, मिथिल असे रासायनिक गट चिकटतात नि जनुकं चालू-बंद होतात. या ‘मॉडिफिकेशन’ला मी ‘फेरफार’ लिहिलं. एका मुलानं विचारलं, “जमिनीच्या फेरफारासारखं का, मॅडम?” मी अडखळले.

वडगाव: मॅडम, पोरानं नेमकं बोट ठेवलंय. जमिनीच्या फेरफारात उताऱ्यावरचं नावच बदलतं. इथं डीएनएचं एक अक्षरही बदलत नाही. ते बदललं तर उत्परिवर्तन. शिवाय ‘हिशेबात फेरफार’ म्हटलं की लबाडीचा वास येतो.

मी ‘खूण’ म्हणेन. आमच्या घरी माग होता, म्हणून कांडीवरच, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळीवरच सांगतो. आठ हिस्टोनांची एक कांडी, तिच्यावर डीएनएच्या १४७ अक्षरजोड्यांचा धागा, जेमतेम पावणेदोन वेढे. धाग्यावर ऋणभार, हिस्टोनच्या शेपटीतल्या लायसिन या अमिनो आम्लावर धनभार, म्हणून पकड घट्ट. लायसिनवर ॲसिटिल बसलं की तो धनभार जातो, वेढा सैलावतो, जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला वाट मिळते. हिस्टोनवरचं ॲसिटिल आणि आरएनए बनणं (म्हणजे जनुक वाचलं जाणं) यांचं नातं शास्त्रज्ञ व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ सालीच मांडलं होतं.

खानापूर: मग नुसतं ‘सैलावणं’ लिहू का?

वडगाव: नाही भागत. मिथिलनं भार जातच नाही. ते कुठं बसलं यावर अर्थ ठरतो. एच-३ या प्रकारच्या हिस्टोनच्या ४ क्रमांकाच्या लायसिनवर तीन मिथिल असले तर जनुक बहुधा चालू. २७ क्रमांकावर तीन असले तर बहुधा बंद. गट तोच, जागा वेगळी, अर्थ उलटा. मग ती खूणच झाली की! लावणारी विकरं (एन्झाइम) वेगळी, पुसणारी वेगळी, वाचणारी प्रथिनं आणखी वेगळी. खूण लावतात, वाचतात, पुसतात. तिन्ही क्रियापदं आपल्याकडे आयतीच आहेत. ‘फेरफार वाचणे’ म्हणून बघा, जीभ अडते.

निपाणी: ‘खूणगाठ’ कशी वाटते?

वडगाव: शब्द गोड आहे, पण गाठ म्हटली की पक्की. ॲसिटिलची खूण कित्येकदा काही मिनिटांत जाते.

निपाणी: पटलं. एक भर घालतो. कन्नडमध्ये गुणसूत्राला ‘वर्णतंतु’ म्हणतात. इकडं सूत्र, तिकडं तंतू, दोन्हीकडं धागाच. कांडीचं उदाहरण कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांनाही लागेल.

खानापूर: तर मग ‘हिस्टोनवरच्या खुणा’ लिहिते. ‘ॲसिटिलीकरण’ मात्र तसंच ठेवते, परीक्षेत मुलांना तो शब्द ओळखावा लागतो. आणि सर, उद्या वर्गात दाखवायला एक भरलेली कांडी मिळेल का?