ऑनलाइन लिलाव : फोटोत येत नाही ते कुठं बघायचं?

मंडळी, जप्तीचे ट्रॅक्टर, बँकेने ताब्यात घेतलेली घरं, बंद वर्कशॉपच्या मशिनी, न सोडवलेलं गहाण सोनं, या सगळ्यावर हल्ली बेळगाव-खानापूर-निपाणीत बसल्या जागी मोबाइलवरून बोली लागते. जाहिरातीत धडधडीत खोटं क्वचितच असतं. अर्धं लिहितात आणि उरलेलं ‘जिथे आहे, जसे आहे, जे काही आहे’ या अटीखाली झाकतात. ज्या मालात तुमचा रोजचा हात आहे त्याबद्दल लिहा. कोण कसं फसलं ते रडगाणं नको, बोट कुठं ठेवायचं ते सांगा.

ट्रॅक्टर मेकॅनिक, चिक्कोडी

‘कमी वापर, १,८०० तास’ असं लिहिलेलं असतं. जुन्या यांत्रिक मीटरला इंजिनाकडून केबल येते. केबल तुटली की काटा थांबतो, ट्रॅक्टर चालतच राहतो. आपल्याकडे खरा प्रश्न वेगळाच आहे: ट्रॅक्टर नुसता शेतात फिरला की ऊस ओढला?

ते मागच्या हुकाला विचारा. ट्रेलरची पिन जाते ते भोक गोल हवं. दोन-दोन ट्रेलर ओढलेल्याचं भोक लांबट होतं. वेल्डिंग भरून पुन्हा पाडलं असेल तर कडेला वेल्डचा उंचवटा बोटाला लागतो, रंग कितीही ताजा असो. असा ट्रॅक्टर घ्यायचा तर क्लच प्लेट आणि ब्रेकचा खर्च बोलीतून आधीच वजा करा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर तास कमी आणि मागचे दोन्ही टायर ट्रॅक्टरपेक्षा चार वर्षांनी तरुण, असं दिसलं की समजा काय ते. यार्डात इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. धूर भकाभका आला तर रिंगा-लायनर गेले. मागच्या हाउसिंगचं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. आणि ‘रनिंग कंडिशन’ याचा अर्थ इतकाच की धक्का मारून का होईना, एकदा चालू झाला.

आरटीओची कामं करणारा, बेळगाव

मेकॅनिक अण्णांनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. ‘आरसी उपलब्ध’ म्हणजे गाडी नावावर होईल असं नाही. कर्जदाराने मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही केली नसेल तर फायनान्स देणाऱ्याला आधी फॉर्म ३६ भरून आरसी स्वतःच्या नावे करून घ्यावी लागते, मग तुमच्या नावे. हे कोण करणार आणि किती दिवसांत, ते बोलीच्या आधी लेखी मागा. बोजा उतरवायला फॉर्म ३५ वेगळाच.

सीमाभागातली खास अडचण एमएच-०९ आणि एमएच-१० च्या गाड्यांची. कोल्हापूर-सांगलीची गाडी स्वस्त दिसते. पण कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर फॉर्म २८ ची एनओसी तिकडून आणा, इकडे फॉर्म २७ भरून केए-२२ किंवा केए-२३ चा नंबर घ्या, आणि इथला टॅक्स भरा. टॅक्सचा आकडा जाहिरातीत कधीच नसतो. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, बोजा आणि काळ्या यादीची नोंद बघा. थकलेली चलनं वेगळी बघावी लागतात.

दस्तलेखक, खानापूर

जमिनीवर जरा सविस्तर लिहितो, कारण इथं चूक झाली की लाखात जाते.

पहिला शब्द ‘ताबा’. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’, म्हणजे फक्त कागदावरचा, असेल तर आत अजून माणसं राहत असू शकतात. भाडेकरू असेल तर त्याचा करार कधीचा, गहाणाच्या आधीचा की नंतरचा, ते बँकेला विचारा. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेने सरफेसी (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला थेट विकू देणारा) कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे का, तेही. तोवर किल्ली तुमच्या हातात येत नाही, पैसे मात्र भरावे लागतात. बोलीच्या २५ टक्के रक्कम, अनामत धरून, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. उरलेली विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही.

दुसरं, क्षेत्र. ‘२ एकर १० गुंठे’ वाचून गुणाकार करू नका. पहाणीच्या उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा) क्षेत्राच्या रकान्यात खराब वेगळं दाखवतात. ए-खराब म्हणजे पिकाला निरुपयोगी, पण मालकाचं. बी-खराब म्हणजे रस्ता, नाला, सार्वजनिक वापर. ते विकत घेता येत नाही. ९० गुंठ्यांत ८ गुंठे बी-खराब निघाले तर तुमच्या हाती २ एकर २ गुंठेच. आपल्या लोकांना उतारा कन्नडमध्ये असल्यामुळे हा रकाना सुटतो. कन्नड वाचणारा माणूस शेजारी बसवा आणि नववा रकाना (मालक), दहावा (कशाने आली, फेरफार नंबर) आणि अकरावा (‘ऋणगळु’, म्हणजे बोजे) असे तीन मोठ्याने वाचून घ्या. अकराव्यात सोसायटीचं पीककर्ज, कोर्टाची मनाई असं काहीही निघतं.

तिसरं. सरफेसीच्या लिलावात चक्क शेतजमीन दिसली तर थांबा. कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीवरच्या तारणाला तो कायदाच लागू नाही, त्यामुळे कर्जदार पुढे विक्रीला आव्हान देऊ शकतो. ‘एनए’ लिहिलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा बिनशेतीचा आदेश मागा, नुसत्या शब्दावर जाऊ नका. गावठाणाबाहेरच्या बऱ्याच प्लॉटना पंचायतीचा ११-बी उतारा असतो. तो असला म्हणजे लेआउट मंजूर झाला असं नव्हे.

बोजा दाखला ‘कावेरी’ या नोंदणी खात्याच्या पोर्टलवर निघतो. नोंदी असतील तर फॉर्म १५, काहीच नसेल तर फॉर्म १६. ऑनलाइन नोंदी २००४ पासूनच्या, त्याआधीचं रजिस्टर सब-रजिस्ट्रार कचेरीत हाताने शोधावं लागतं. आणि रजिस्टर न झालेला बोजा दाखल्यावर येत नाही, हे विसरू नका.

वायरमन, शहापूर

घराच्या वीजबिलाचं कुणी लिहिलं नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की लिलावात जागा घेणाऱ्याला नवं कनेक्शन देताना वीज कंपनी जुनी थकबाकी मागू शकते. मीटरवरचा आरआर नंबर (ग्राहक क्रमांक) टिपून हेस्कॉम या वीज कंपनीत बाकी विचारा. घरपट्टी-पाणीपट्टीची बाकीही अशीच आधी विचारा.

टर्नर, उद्यमबाग

लेथच्या जाहिरातीत ‘६ फूट’ म्हणजे बेडची लांबी. दोन सेंटरच्या मध्ये जॉब बसतो तो पावणेतीन-तीन फुटांचाच. ज्याला तीन फुटी शाफ्ट करायचाय त्याने सेंटरमधलं अंतर विचारायचं.

बेडची झीज जॉब धरणाऱ्या चकजवळ जास्त होते, कारण सगळं काम तिथंच चालतं. कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) चकजवळ आणून जिब (तिचा सैलपणा काढायची पट्टी) एवढी आवळा की जेमतेम सरकेल, मग दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे फिरवा. अर्ध्या वाटेत अडकली तर बेड खाल्लाय. रंगाने हे झाकता येत नाही.

सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या मशिनीला) ‘पॉवर ऑन होते’ यावर बोली लावू नका. दिवे लागणं वेगळं, अक्ष हलणं वेगळं. वर्षभर बंद पडलेल्या मशिनीत मेमरीची बॅटरी मेली की पॅरामीटर (मशिनीची सेटिंग) पुसले जातात, आणि छापील यादी किंवा बॅकअप नसेल तर नवी बॅटरी घालूनही मशीन जागची हलत नाही. विचारायचे प्रश्न दोन: बॅकअप आहे का, आणि होम पोझिशनला गेलेला व्हिडिओ आहे का? क्रेन आणि ट्रकचा भाव मच्छे-उद्यमबागेत आधी विचारून ठेवा. पाच टनाची मशीन उचलायची आहे, पिशवी नव्हे.

फौंड्रीचा खरेदी विभाग, मच्छे

भंगारात एकच: ‘लॉट’ (उक्ता ढीग) की ‘वजनावर’? लॉट असेल तर ‘अंदाजे २० टन’ हे बांधून घेणारं नाही. सीआय बोरिंगमध्ये (बिडाच्या कातरणीत) तेल-पाणी आणि रायझरला (ओतकामातल्या जादा तुकड्याला) चिकटलेली वाळू धरून ५ टक्के गेले तर एक टन हवेत. जीएसटी आणि टीसीएस (विकणारा वसूल करतो तो आयकर) बोलीच्या वर. वजनकाटा कुणाचा, तेही विचारा.

सराफ, निपाणी

गहाण सोन्यात ‘एकूण वजन’ आणि ‘निव्वळ वजन’ यांत गफलत असते. आपल्याकडची बोरमाळ पोकळ, मण्यांत लाख. एकूण ४० ग्रॅममध्ये लाख, दोरा आणि खडे ९ ग्रॅम निघाले तर सोनं ३१. तेही २२ कॅरेट धरलं तर शुद्ध २८.४ ग्रॅम. बोली या आकड्यावर लावा. जुन्या दागिन्यावर बऱ्याचदा हॉलमार्क नसतो. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असेल तर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दोन्ही जुळायला हवीत.

दस्तलेखक, खानापूर

एक राहिलं. लिलावाच्या आदल्या रात्री पोर्टलवर शुद्धिपत्रक चढतं आणि क्षेत्र, ताबा किंवा थकबाकीची ओळ बदलते. जाहिरात पहिल्यांदा बघाल तेव्हाच तिची पीडीएफ तारखेसह ठेवा, लिलावाच्या सकाळी पुन्हा उतरवून घ्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळीन्ओळ ताडा. फरक दिसला तर बोली लावायच्या आधी अधिकृत अधिकाऱ्याला मेल करा. फोनवर विचारू नका. फोनवर सगळेच ‘हो, हो, क्लिअर आहे’ म्हणतात.