केस बंद केली तर का केली हे फिर्यादीला नीट सांगायला नको का?

मंदार_वाई
मावशीच्या दुकानाचं शटर उचकटून चोरी झाली, एफआयआर झाला, पंचनामा झाला आणि मग सगळं थंड. दीड वर्षानं कोर्टाची नोटीस, की पोलिसांनी ए समरी, म्हणजे केस बंद करायचा रिपोर्ट, पाठवलीय, काही म्हणणं असेल तर हजर राहा. म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही. ठीक आहे, पण समोरच्या मेडिकलचं फुटेज बघितलं का, याबद्दल एक अक्षर नाही. फिर्यादीला ऐकल्याशिवाय असा रिपोर्ट मान्य करायचा नाही हे सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच भगवंत सिंग केसमध्ये सांगितलंय, पण कारणच माहीत नसेल तर मावशी बोलणार काय?

जुना_हवालदार
रिपोर्टची नक्कल कोर्टात अर्ज केला की मिळते. आणि एकेका आयओकडे, म्हणजे तपास अधिकाऱ्याकडे, किती गुन्हे असतात बघा, वर बंदोबस्त, समन्स, व्हीआयपी ड्युटी. प्रत्येकाला पत्र लिहीत बसला तर तपास कधी करणार? शिवाय कुठला साक्षीदार फिरला हे कळलं की गावात राडे होतात, ते निस्तरायला परत आम्हीच.

स्नेहल
काका, चोरीचं सोडा. बाईनं विनयभंगाची तक्रार दिली आणि बी समरी आली तर? म्हणजे तक्रारच मुद्दाम खोटी दिली असं लिहून टाकलं. तिनं ते नक्कल काढून, वकिलाला पैसे देऊन समजून घ्यायचं? उलट तिच्यावरच कारवाई होऊ शकते!! कशावरून खोटं ठरवलं हे तिला लेखी मिळालंच पाहिजे.

अ‍ॅड_नागपूर
नव्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा), कलम १९३, तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर कलम ३६० खाली पीडिताला ऐकावं लागतं. तरी सविस्तर कारणांच्या पत्राला माझा विरोधच. उद्या नवा पुरावा मिळून केस परत उघडली तर ‘पुरावा कमकुवत आहे’ हे पोलिसांचंच पत्र आरोपीचा वकील नाचवणार, नुकसान फिर्यादीचंच.

स्नेहल
अहो पण समरी रिपोर्टमध्ये तेच लिहिलेलं असतं ना, तो काय लपून राहतो?

मंदार_वाई
वकीलसाहेब, ९० दिवसांत ‘तपास सुरू आहे’ एवढा मेसेज टाकला तरी नियम पाळला गेला. साक्षीदाराचं नाव नका देऊ, पण नोटिशीसोबत समरीची प्रत आणि काय काय तपासलं त्याच्या चार ओळी जोडायला काय हरकत आहे? मावशी पुढच्या तारखेला हजर राहणारे, फुटेजचं तिथं विचारतोच.