डीव्हीडी उतरवताना ओठ पुढे, आवाज मागे: तुमचे अनुभव लिहा

घरातल्या जुन्या डीव्हीडी एकेक करून वाचेनाशा व्हायला लागल्या, म्हणून महिनाभर बसून चाळीसेक डिस्क हार्ड डिस्कवर उतरवल्या. त्यातल्या सात-आठ फायलींत माणसाचे ओठ मिटून जातात आणि शब्द मागून येतो. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी इथे लिहावं. नुसतं सॉफ्टवेअरचं नाव नको. काय बिघडलं होतं, ते कसं ओळखलंत आणि कशानं सुटलं, ते सविस्तर सांगा.

सुरुवात मी करते. आईच्या गाण्याच्या कार्यक्रमाची डिस्क होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या टाळ्यांपर्यंत आवाज सारखाच मागे, कमी नाही की जास्त नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी पुढे-मागे करता येतो. सहा वेळा 'जे' दाबल्यावर जुळलं, म्हणजे ३०० मिलिसेकंद. पण ही दुरुस्ती फक्त पाहण्यापुरती असते, फाईल तशीच राहते. मग एमकेव्ही टूलनिक्समध्ये (चित्र आणि आवाजाचे ट्रॅक एका फाईलीत जोडणारा प्रोग्रॅम) फाईल उघडली, आवाजाच्या ट्रॅकच्या 'डिले'मध्ये -३०० लिहिलं आणि नवी फाईल बनवली. चित्र किंवा आवाज पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे नव्यानं दाबून साठवला जात नाही, त्यामुळे दर्जा तोच राहतो आणि काम दोन मिनिटांत होतं.

* * *

तुमचा फरक स्थिर होता म्हणून डिलेनं भागलं. माझा वाढत जाणारा होता. सुरुवात अचूक आणि तासाभरानं आवाज साडेतीन सेकंद मागे. मीही आधी डिलेच लावत बसलो. शेवट जुळवला की सुरुवात बिघडायची. दोन रात्री गेल्या त्यात.

शेवटी कागद घेऊन मोजलं. १० मिनिटांना ०.६ सेकंद, ३० मिनिटांना १.८, ६० मिनिटांना ३.६. सरळ रेषाच! हजारात एक एवढा फरक दिसला आणि उलगडा झाला. एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत) डिस्कचा वेग सेकंदाला ३० फ्रेम नसतो, ३०००० भागिले १००१, म्हणजे साधारण २९.९७ असतो. मी चित्र आणि आवाज वेगळे काढले होते आणि जोडणाऱ्या प्रोग्रॅमनं तो आकडा ३० धरला होता. चित्र किंचित जोरात धावत होतं, आवाज बिचारा बरोबरच होता. जोडताना फ्रेमरेट ३००००/१००१ असा अपूर्णांकात लिहिला आणि प्रश्न मिटला. कुठलीही फाईल बिघडली की आता मी आधी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी मोजतो. त्याआधी एकाही सेटिंगला हात लावत नाही.

* * *

माझ्याकडे एकाच चित्रपटाच्या दोन डिस्क. एकीचं चित्र स्वच्छ, दुसरीत मला हवी ती भाषा. म्हटलं, हिचं चित्र आणि तिचा आवाज जोडू. दर मिनिटाला अडीच सेकंदांचा फरक पडायला लागला! चित्राची डिस्क एनटीएससी आणि आवाजाची पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत). चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रित होतो. पाल डिस्कसाठी तो बहुतेक वेळा सरळ २५ नं पळवतात, त्यामुळे दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टीही थोडी चढते.

एमकेव्ही टूलनिक्समध्ये ताणण्याची सोय आहे, पण ती चित्रासाठी आणि सबटायटल्ससाठी. आवाजाला ती लावू नये, तो पुन्हा एन्कोडच करावा लागतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेग ४.०९६ टक्क्यांनी कमी केला (नुसता ४ नाही, कारण एनटीएससीचा वर लिहिलेला हजारात एकाचा फरक इथेही येतो). पट्टी कायम ठेवून फक्त लय बदलणारा पर्याय मुद्दाम टाळला, कारण चढलेली पट्टी खाली यायलाच हवी होती. मात्र काही पाल डिस्कवर पट्टी आधीच सुधारलेली असते. तिथे उलटा पर्याय घ्यावा लागेल, तेव्हा ओळखीचा आवाज कानानं तपासून घ्या.

* * *

कॅमेऱ्याला जोडलेल्या रेकॉर्डरनं बनवलेल्या घरगुती डिस्कचा अनुभव. इथे फरक स्थिर नव्हता आणि हळूहळू वाढणाराही नव्हता, प्रत्येक नव्या दृश्याला उडी घ्यायचा. रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलं की डिस्कवरचं घड्याळ नव्यानं सुरू होतं. मी व्हीओबी फाईल (डिस्कवर चित्र आणि आवाज यांतच असतात) एकामागे एक चिकटवल्या होत्या, त्यामुळे घड्याळ मध्येच मागे जाई आणि प्रोग्रॅम गोंधळून जाई.

एक चूक खूप जण करतात. व्हीओबीचे तुकडे साधारण १ जीबीला पडतात ते फक्त फाईलच्या आकारासाठी, दृश्याशी त्यांचा काही संबंध नसतो. चित्र आणि आवाजाची पाकिटं एकमेकांत गुंफलेली असतात, त्यामुळे एका तुकड्यातल्या शेवटच्या चित्राचा आवाज पुढच्या तुकड्यात असू शकतो. प्रत्येक तुकडा वेगळा रूपांतरित करून मग जोडला तर प्रत्येक सांध्याला थोडं हरवतं. अख्खं व्हिडिओ_टीएस फोल्डर द्या. कुठला भाग कुठे सुरू होतो याचा नकाशा आयएफओ फाईलींत असतो. मेकएमकेव्ही हा डिस्क उतरवणारा प्रोग्रॅम तो वाचतो. माझ्या नऊपैकी आठ डिस्क एवढ्यानंच सुधारल्या.

* * *

माझी तर फाईल बिघडलेलीच नव्हती. ब्लूटूथ हेडफोनमुळे आवाज उशिरा येत होता. तीन डिस्क पुन्हा उतरवल्यावर ते कळलं. आधी वायरच्या हेडफोननं ऐकून बघा.

* * *

ओरखडे पडलेल्या डिस्कबद्दल. वाचता न आलेला भाग प्रोग्रॅम गाळतो, तेव्हा चित्र आणि आवाज सारख्याच प्रमाणात गळत नाहीत. मग ओरखड्यापुढचं सगळं सरकतं आणि शेवटपर्यंत तसंच राहतं. म्हणून थेट डिस्कवरून रूपांतर करू नका, आधी तिची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, एका फाईलीत घ्या. मी त्यासाठी डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरतो. ते चांगला भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतं. चिकाटीनं बरंच परत मिळतं. डिस्क मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. एवढं करूनही काही गेलंच, तर त्या जागी फाईलचे दोन भाग करा आणि दुसऱ्या भागाला वेगळा डिले द्या.

* * *

हँडब्रेक हा रूपांतराचा प्रोग्रॅम वापरून पुढे संपादन करणार असाल तर फ्रेमरेट 'कॉन्स्टंट' ठेवा. बदलता फ्रेमरेट प्लेअर नीट सांभाळतो, पण बऱ्याच संपादन प्रोग्रॅममध्ये आवाज सरकतो.

* * *

नेमकं कुठे जुळवायचं, याबद्दल थोडं. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी प्रेक्षकाला जाणवू लागतो. मागे मात्र १२५ पर्यंत चालतो. याचं कारण मला निसर्गातलं वाटतं. ३४ मीटरवरची टाळी दिसते, तिचा आवाज दशांश सेकंदानं पोचतो. उशिराच्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय आहे, लवकर येणाऱ्याची अजिबात नाही. तेव्हा शंका असेल तर आवाज थोडा मागेच राहू द्या. डीव्हीडीवरच्या एसी-३ (डॉल्बी डिजिटल) आवाजाची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची असते. एन्कोड न करता त्याहून बारीक कापता येत नाही, म्हणून एकेका मिलिसेकंदासाठी जीव काढू नका.

दार आपटणं किंवा टाळी मिळाली तर उत्तम. नसेल तर प, ब, भ, म शोधा. ओठ मिटल्याशिवाय यातलं एकही अक्षर उमटत नाही, त्यामुळे फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत मिटलेले ओठ सापडले की जागा पक्की.

* * *

धागा काढणारी पुन्हा आले आहे. आईच्या दुसऱ्या डिस्कशी आठवडाभर झगडत होते. तिथे डिले लागूच पडत नव्हता. वर लिहिलंय तसं तीन ठिकाणी मोजलं. सुरुवात ठीक, मध्य ठीक, शेवट अर्धा सेकंद मागे. मग मधली जागा शोधत गेले, तर ४७व्या मिनिटाला एकदम उडी, आणि डिस्कवर तिथे बारीकसा ओरखडा. इमेज घेतली, तरी थोडं गेलंच होतं. दोन भाग केले आणि दुसऱ्याला -४८० दिलं. भैरवीच्या आधी आई श्रोत्यांशी बोलते, तिथे 'मी' या शब्दावर थांबवून पाहिलं. ओठ मिटलेले आहेत.