कोल्हापूरला जाताना स्पीडचं चलन पडलंय, गाडी केए २३ ची. भरू की तक्रार करू?

निपाणीहून

नमस्कार मंडळी. मी निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो. गाडी पांढरी वॅगन-आर, चिकोडी आरटीओची.

गेल्या आठवड्यात गाडी विकायला काढली. घेणारे संकेश्वरचे, व्यवहाराला पक्के. इसार देण्याआधी त्यांनी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघितला, तर दोन चलनं निघाली. दोन्ही महाराष्ट्राची, दोन्ही वेगाची, प्रत्येकी २००० रुपये. मला एकाचाही मेसेज आला नव्हता. मग लक्षात आलं, आरसीवर माझ्या भावाचा जुना नंबर आहे आणि तो बंद होऊन तीन वर्षं झाली.

पहिलं चलन गोकुळ शिरगावजवळचं, सकाळी ६:५० चं. तो दिवस मी विसरणार नाही. पहाटे बाबांच्या छातीत कळ आली. इथल्या डॉक्टरांनी ईसीजी बघितला आणि म्हणाले, थांबू नका, सरळ कोल्हापूर गाठा. बेळगाव आम्हाला पंचाहत्तर किलोमीटर, कोल्हापूर चाळीस. आई मागं बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखी त्यांना हाका मारत होती. कोगनोळीचा नाका, दूधगंगेचा पूल, कागल, कधी मागं पडलं मला सांगता येणार नाही. चलनावर वेग १०४ आहे, मर्यादा ८०. फोटोत गाडी माझीच आहे. वेग चुकीचा मोजलाय असं मी म्हणत नाही. त्या दिवशी बाबांना स्टेंट बसला, आता ते घरात हिंडतायत.

दुसरं चलन पुण्याच्या बाह्यवळणावरचं. त्या तारखेला गाडी आमच्या दारात उभी होती. फोटो मोबाइलवर इतका बारीक दिसतोय की काही कळत नाही.

आम्हाला कोल्हापूर परकं नाही. दवाखाना तिकडं, लग्नाचा बस्ता तिकडं, थोरली बहीण दिलीय तिकडं. त्यामुळं दुसऱ्या राज्याचं चलन कुठं भरायचं, कुणाला भेटायचं, हे कधी विचारायची वेळच आली नव्हती. पहिल्याला दवाखान्याचे कागद लावले तर माफ होईल का? दुसऱ्यासाठी पुण्याला जावं लागेल का? आणि न भरता राहिलं तर चिकोडीला नाव बदलताना अडतंय का?

टिळकवाडी, बेळगाव

दादा, आधी बाबा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं.

मी सोळा वर्षं वकिलांच्या ऑफिसात कारकुनी करतोय, असे कागद रोज हाताखालून जातात. दोन्ही चलनं एकत्र करू नका, दोन्हींची वाट वेगळी आहे.

पहिलं भरून टाका. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगाचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या गाडीला १००० ते २००० रुपये दंड, आणि पुन्हा तोच गुन्हा झाला तर लायसन्स जप्त होऊ शकतं. वेगाची मोकळीक रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांना आहे. आत पेशंट असला तरी खासगी गाडीला नाही. दवाखान्याचं कारण तुम्ही न्यायाधीशांपुढं मांडू शकता, पण त्यासाठी चलन नाकारावं लागतं आणि मग केस जिथं गुन्हा घडला तिथल्या कोर्टात चालते, म्हणजे तुम्हाला कोल्हापूर जिल्ह्यात तारखांना जावं लागणार. वेग तुम्हाला मान्य आहे, फोटो तुमचा आहे. माझ्या मते तारखांत दिवस घालवू नका.

भरायला कुठंही जायला नको. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलन व्हर्च्युअल कोर्टाकडं, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टाकडं गेलेलं असेल तर त्या कोर्टाच्या साइटवर महाराष्ट्राचा विभाग निवडून तिथं भरा. पावती पीडीएफमध्ये ठेवा आणि एक कागदावरही काढून ठेवा, विक्रीच्या फाइलला लागेल. बेळगावच्या लोकअदालतीत हे मिटत नाही, बरेच जण इथं येऊन परत जातात.

दुसऱ्याचे पैसे मात्र आत्ता भरू नका. भरलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, मागाहून भांडायला जागा उरत नाही. त्याच साइटवर तक्रारीची सोय आहे, पुण्याला जायचं कारण नाही. आधी फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून बघा. कॅमेऱ्यानं काढलेल्या चलनात नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्रानं मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि जागा असावी लागते, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७ अ बघा. त्याच नियमात पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची म्हणून सांगितलंय. पण तुमच्या बाबतीत मेसेज भावाच्या नंबरवर गेले असणार, तेव्हा उशिराच्या मुद्द्यावर फार विसंबू नका.

आणि फास्टॅगचं त्या दिवसाचं स्टेटमेंट बँकेकडून काढा. निपाणीहून हायवेनं पुण्याचं बाह्यवळण गाठायचं तर कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर एवढे नाके लागतात. एकावरही तुमच्या गाडीची नोंद नसेल तर तो कागद तक्रारीला जोडा.

कोगनोळीहून

दादा, रागावू नका, पण एक सांगायचंय.

आमच्या गावची चाळीसेक पोरं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जातात. मीही जातो, फाउंड्रीत. पहिली पाळी सातची. तुमच्या चलनावरची ६:५० ही वेळ म्हणजे आम्ही सगळे मोटारसायकलवरून हायवे सोडून सर्व्हिस रोडला उतरायची वेळ. रात्रपाळीचे त्याच वेळी सुटतात, झोपेनं डोळे लाल, काही जण चालत रस्ता ओलांडतात. त्यात सहापदरीचं काम चाललंय, कुठं डावीकडं वळवलेलं, कुठं उजवीकडं, काल होता तो रस्ता आज नसतो. माझ्यासोबत काम करणारा एक जण तिथंच गाडीखाली सापडला. त्याला उडवणारा माणूसही घाईतच होता, त्याचीही काहीतरी अडचण असेलच. गेलेल्याची पोरगी आता चौथीत आहे.

तुमच्या जागी मी असतो तर मीही गाडी पळवली असती, हे खरं. म्हणून तुम्हाला बोल लावत नाही. पण दोन हजार भरताना वाईट वाटून घेऊ नका. वेग मोजणारी पोलिसांची गाडी तिथं थांबते म्हणून सकाळी निदान काही जण पाय उचलतात. आणि पुढच्या वेळी शेजारच्या कुणाला तरी चालवायला घ्या. मागं बाप असा पडलेला असताना पोराचं लक्ष रस्त्यावर राहत नाही.

खानापूरहून

भाऊ, एवढं लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपवर चलनाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल आली तर उघडू नका. माझ्या यजमानांना आली होती, आरटीओचं चिन्ह लावलेली. त्यांनी उघडली आणि अर्ध्या तासात खात्यातून एकोणीस हजार गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला म्हणून त्यातले थोडे अडवता आले. पैसे भरायची साइट गव्ह डॉट इन नं संपते का ते आधी बघा. मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा.

अथणीहून

माझे दोन ट्रक आहेत, साखर घेऊन कोकणात आणि पुण्याला जातात. मोठ्या गाडीला वेगाचा दंड २००० ते ४००० आहे. चालकाच्या पगारातून मी कापत नाही, कारण लवकर पोच म्हणून फोन करणारा मीच असतो.

अण्णा, तुम्ही सगळ्यात आधी मोबाइल नंबर बदला. परिवहनच्या साइटवर आधारच्या ओटीपीवर होतंय, फक्त आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळायला पाहिजे. माझं आडनाव एकात वेगळं लिहिलेलं, म्हणून आरटीओत दोन खेपा झाल्या. चलन थकलं असलं की नाव बदलताना अडतंय, राज्य कुठलं ते बघत नाहीत, रेकॉर्ड देशाचं एकच आहे. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात निम्म्या दंडाची सवलत दिली होती तशी परत येईल म्हणून थांबू नका. ती इथल्या पोलिसांच्या चलनाला होती, महाराष्ट्राच्या नाही. मी तेव्हा थांबून बघितलंय.

निपाणीहून

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

नंबर बदलला. पहिलं चलन भरलं, पावती फाइलला लावली. दुसऱ्याचा फोटो वखारीतल्या कॉम्प्युटरवर मोठा केला. गाडी पांढरीच, पण कंपनी दुसरी, मागं सामानाचा कॅरिअर. प्लेटवर चिखल आहे आणि बारकाईनं बघितलं तर केए २५, म्हणजे धारवाडची. पाचाचा तीन वाचला गेलाय. टिळकवाडीच्या दादांनी सांगितलं तसं फास्टॅगचं स्टेटमेंट, आरसी आणि माझ्या गाडीचे मागचे-पुढचे फोटो जोडून तक्रार टाकली. अकराव्या दिवशी रद्द झाल्याचं दिसलं. संकेश्वरचे पाहुणे रविवारी येणार आहेत.

कोगनोळीच्या भावाला सांगायचं आहे. काल बाबांना तपासणीला नेलं, मुद्दाम त्याच वेळेला निघालो. तुम्ही म्हणता तो उतार बघितला. डबे हँडलला अडकवलेल्या मोटारसायकली एकामागं एक उतरत होत्या, एक म्हातारा सायकल हातात धरून मधल्या कठड्यापाशी थांबला होता. त्या दिवशी पण ही माणसं तिथं असणार. मला त्यातलं एकही आठवत नाही. बाबांना ते सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढच्या वेळी शेजारच्या बाळूला उठव.