मदत हवी आहे: सोहोच्या फोटोतला ठिपका खरा की कॅमेऱ्याचा?

खानापूरवाला:
नमस्कार मंडळी. पावसाळ्यात आमच्याकडं दुर्बीण बाहेर काढायची सोयच नाही, कणकुंबी-जांबोटीकडं तर आभाळच दिसत नाही. म्हणून सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानावरच्या लास्को सी-३ कॅमेऱ्याचे निळे फोटो बघत बसतो. त्यातलाच एक पुतण्याला व्हॉट्सॲपवर आला: सूर्याशेजारी दोन पंखांची तबकडी, खाली लिहिलेलं 'परग्रहावरचं यान'. तो शुक्र आहे एवढं पटवलं, पण पंख कसले ते सांगता आलं नाही.

माझा खरा प्रश्न दुसराच. सूर्याच्या खालच्या बाजूला एक पुसट ठिपका लागोपाठच्या फोटोंत थोडाथोडा वर सरकतोय. शेपूट दिसत नाही. त्याच फोटोंत पांढरे कण तर ढिगानं आहेत. धूमकेतू म्हणून कळवण्याआधी काय तपासू?

निपाणीकर:
पंखांचं सोपं आहे. शुक्र इतका तेजस्वी की सीसीडीचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, पिक्सेल भरून जातो आणि जादा विद्युतभार त्याच ओळीतल्या शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो, भाताच्या वाफ्यातलं पाणी बांधावरून पुढच्या वाफ्यात जावं तसं. म्हणून रेघ कायम आडवीच. पुतण्याला म्हणावं, यान असतं तर कधीतरी तिरकं वळलं असतं की!

रात्रपाळी_बेळगाव:
दादा, आधी फॉरवर्ड झालेले फोटो बाजूला ठेवा. फोटोची जेपीईजी फाईल लहान करायला दाबली की चौकोनी डाग आपोआप उमटतात. मूळ फोटो घ्या, तेही लागोपाठचे, साधारण १२ मिनिटांच्या अंतराचे.

पांढरे कण म्हणजे वैश्विक किरण, अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळणारे वेगवान कण. एका फोटोत असतात, पुढच्यात त्या जागी नसतात. सौरवादळानंतर तर बर्फ पडल्यासारखा फोटो भरतो. पिक्सेलच बिघडला असेल तर ठिपका जागचा हलत नाही. तारे डावीकडून उजवीकडं सरकतात, दिवसाला साधारण एक अंश, म्हणजे सी-३ मध्ये तासाला जेमतेम पावणेतीन पिक्सेल. ग्रहांचं मात्र वेगळं. बुध-शुक्र सूर्यामागून जाताना उलटेही जातात, त्यामुळं नुसत्या दिशेवर निकाल देऊ नका.

तुमचा ठिपका सूर्याकडं येतोय, ताऱ्यांच्या चालीनं नाही, ही चांगली खूण. सोहोचे बहुतेक धूमकेतू क्रॉईट्झ गटातले, एकाच जुन्या मोठ्या धूमकेतूचे तुकडे. त्यांची येण्याची वाट महिन्यागणिक ठरलेली असते, सोहोच्या फोटोंतले धूमकेतू जिथं कळवतात त्या सनग्रेझर प्रकल्पाच्या पानावर नकाशे आहेत. शेपूट नाही म्हणून सोडू नका, लहान तुकड्यांना ती दिसतच नाही. ठिपक्याचे एक्स-वाय आकडे प्रत्येक फोटोतून वेळेसकट लिहून काढा. एका सरळ रेघेत बसले आणि लागोपाठच्या दोन जागांमधलं अंतर हळूहळू वाढत गेलं तर कळवाच. मार्च २०२४ मध्ये सोहोच्या धूमकेतूंचा आकडा ५००० झाला, त्यातले बहुतेक घरी बसून फोटो चाळणाऱ्यांनीच शोधलेत.

खानापूरवाला:
आभारी आहे. आकडे काढले. तीन फोटोंत रेघ जुळते, चौथ्यात ठिपका बाजूला गेलाय.

रात्रपाळी_बेळगाव:
चौथ्यात तुम्ही शेजारचा वैश्विक किरण धरला असाल. त्याच्या पुढचा फोटो बघा. ठिपका परत रेघेवर आला तर ठीक. आणि तो सी-२ च्या, म्हणजे सूर्याजवळचा भाग दाखवणाऱ्या लास्कोच्याच दुसऱ्या कॅमेऱ्याच्या, चौकटीत शिरला असेल तर तिकडचे फोटोही काढा. तिथं पिक्सेल बारीक, चाल नीट मोजता येते.

खानापूरवाला:
पाचव्यात रेघेवरच आहे! सी-२ चे उतरवून घेतोय. इथं लाईट गेलीय, आली की आकडे टाकतो.