मदत हवी आहे : 'कोपेलिया'तल्या म्हाताऱ्यावर प्रेक्षक नको तिथे हसतात

नमस्कार मंडळी,

इथे नाटकात काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. इंग्लंडमधल्या एका छोट्या बॅले शाळेत मी शिकवते. जूनमध्ये आम्ही 'कोपेलिया' करतोय. पदन्यास दुसऱ्या बाई बसवतात, मूकाभिनय माझ्याकडे आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. बॅले १८७० सालचा, पॅरिसचा. संगीत देलिबचं, नृत्यरचना सें-लेओंची. कोपेलियस नावाच्या म्हाताऱ्याने सज्जात बसवलेल्या बाहुलीला खरी मुलगी समजून फ्रान्झ तिच्यावर भाळतो. त्याचं जिच्याशी ठरलंय ती स्वानिल्डा मैत्रिणींना घेऊन चोरून म्हाताऱ्याच्या घरात शिरते, बाहुलीचे कपडे चढवते आणि बाहुलीत जीव आल्याचं सोंग करते. म्हाताऱ्याला ते खरंच वाटतं. (आमची फ्रान्झही मुलगीच आहे, कारण त्या वयाचा मुलगा शाळेत नाही. पहिल्या प्रयोगातही फ्रान्झ एका स्त्रीनेच केला होता, त्यामुळे त्याची मला चिंता नाही.)

अडलंय दुसऱ्या अंकाच्या शेवटी. स्वानिल्डा फ्रान्झला घेऊन पळते आणि कोपेलियसला पडद्यामागे त्याची उघडी, निर्जीव बाहुली सापडते. परवा पालकांसमोर तालीम केली, तर नेमकं तिथेच सगळे खदखदून हसले. कोपेलियस करणारे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे आहेत. नंतर त्यांनी मला हळूच विचारलं, "इथे हसायचं असतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

तो निष्पाप नाही, हे मला कळतं. फ्रान्झला दारूतून गुंगीचं औषध पाजून त्याचा प्राण बाहुलीत घालायला निघालेला माणूस आहे तो. त्याची फजिती व्हायलाच हवी. पण पहिल्या अंकात गावची पोरं त्याला रस्त्यात धक्काबुक्की करतात, त्यात त्याच्या घराची किल्ली पडते आणि त्याच किल्लीने मुली आत शिरतात. हे प्रेक्षकांच्या लक्षात राहिलं, तर शेवटचं हसू आपोआप थांबेल असं मला वाटतं. आत्ता ती धक्काबुक्की आम्ही गमतीच्या चालीवर उरकतो. ती लांबवू का? की तिथेच थोडी कठोर करू?

मोठ्या नृत्यरचनाकारांनी शेवट बदलून पाहिलाय. रोलाँ पेतीच्या १९७५ च्या प्रयोगात कोपेलियस रुबाबदार गृहस्थ आहे आणि अखेरीस बाहुली त्याच्या हातातच मोडून पडते. पीटर राइटच्या प्रयोगात ती शेवटी खरंच जिवंत होते. दोन्ही सुंदर आहेत, पण आमच्याकडे तिसऱ्या अंकात छोट्या मुली आहेत, त्यांचं 'तासांचं वॉल्ट्झ' (दिवसाचे तास बनून त्या करतात तो नाच) काढता येणार नाही. म्हणजे लग्न, गावच्या नव्या घंटेचा उत्सव आणि भरपाई म्हणून कोपेलियसला मिळणारी पैशाची थैली, हे सगळं राहणार. ती थैली मला खुपते. त्याने ती घ्यावी की खाली ठेवून निघून जावं? जायचं तर वॉल्ट्झच्या आधी की मुली नाचत असताना त्यांच्यामधून?

आणि एक तांत्रिक शंका. हशा पिकल्यावर नट किती वेळ स्थिर राहिला की सभागृह शांत होतं? आमचं संगीत ध्वनिमुद्रित आहे, हशासाठी थांबून राहायला वादक नाहीत. ज्यांनी विनोदी नाटकात असा क्षण सांभाळलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढची तालीम रविवारी आहे आणि त्या काकांना मला उत्तर द्यायचंय.